आत्याने सरळ केलेलं घड्याळ

चुकीचं घड्याळ माझ्या आत्याला बघवत नाही. कुणाकडेही गेली तरी आधी काटे सरळ करणार, मग पाणी मागणार. आमच्या घरातली घड्याळं तिला घाबरूनच बरोबर चालतात, असं बाबा म्हणतात.

आतोबा गेल्यापासून तिचं पोट अंडी उबवणी केंद्रावर चालतं. केंद्र म्हणजे एक खोली, दोन उबवणी कपाटं आणि त्यांची ऊब सांभाळणारा जुना कॉम्प्युटर. ऐन पिल्लं निघायच्या दिवशी, मी मदतीला गेले असताना, वीज जाऊन आली. तिने तो पुन्हा चालू केला, तर सुरुवातीच्या पडद्यावर वेळ काही तास मागे. बाई गप्प कशाला बसतेय! भिंतीवरचं घड्याळ बघून तिने वेळ पुढे केली. कॉम्प्युटरच्या पोटात जगाची प्रमाणवेळ असते आणि आपल्या देशाचे वरचे तास तो त्यात स्वतःच मिळवतो, हे तेव्हा ना तिला ठाऊक, ना मला.

भर दुपारी पडद्यावर रात्र झाली. घाबरून तिने वेळ होती तशी मागे केली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तो डिस्क तपासता तपासता मध्येच अडला. डिस्कवरचं शेवटचं लिखाण अजून न आलेल्या वेळेतलं आहे, दुरुस्त करू का, असं विचारत थांबला. कपाटांचे पंखे बंद पडले.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. बहुतेक वेळा 'हो' म्हटलं की सुरळीत होतं, पण कधी कधी ऊब चालवणारा प्रोग्रामच उडतो, आणि आपल्याला उद्याच यायला जमेल, असं तो म्हणाला. उद्यापर्यंत सगळी पिल्लं गारठून गेली असती.

आत्याने घरातली पांघरुणं कपाटांवर टाकली आणि काचेला कान लावला. आत पिल्लं कवचाला टोचे मारत होती.

"आवाज कमी झाला का गं?"

झाला होता. मी नाही म्हटलं.

"तू दाब," ती म्हणाली. "मी हात लावला की बिघडतं."

मला तिचा रागही आला आणि रडूही. "तुझी पिल्लं आहेत आत्या. तूच दाब."

तिने डोळे मिटून 'हो' दाबलं. तपासणी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. आम्ही दोघी कपाटांना पाठ लावून बसलो, जणू आमच्याच उबेने भागणार होतं. शेवटी पंखा घरघरला, तेव्हा आत्या हमसून रडली.

बरीच पिल्लं निघाली. काही कवचातच राहिली, ती तिने स्वतः परसात पुरली.

त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आता काही तास मागे चालतं. कॉम्प्युटरच्या पोटातल्या वेळेवर तिनेच ते लावलंय, पुन्हा हात शिवशिवू नयेत म्हणून.