ओझोनचं भोक
गरम तारेनं थर्माकोल कापल्याचा वास आला की मला इस्लामपूरजवळच्या आमच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं. नव्वदीची मधली वर्षं होती आणि मला शिक्षिका होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं थर्माकोलची पृथ्वी केली होती, भोवती निळा कागद, त्याला भोक, आणि खाली लिहिलं होतं, ओझोनच्या भोकातून ऊन येतं म्हणून पृथ्वी तापते. वर्गात मीच तसं सांगितलं होतं. पत्र्याच्या खोलीत पालकांची गर्दी होती, दार अडलं होतं, आणि मी भिंत नि टेबलाच्या मधे उभी होते. साताऱ्याचे परीक्षक वाचून म्हणाले, "बाळ, हे चूक आहे. धुरातले वायू उष्णता धरून ठेवतात, म्हणून पृथ्वी तापते. ओझोनचा प्रश्न निराळा. कुणी सांगितलं तुला हे?" फौजेतून सुट्टीवर आलेले तिचे वडील कौतुकानं म्हणाले, "आवं, समदं तिच्या बाईंनीच शिकवलंय." मुलीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई सर, हे माझं मीच लिवलंय." परीक्षक पुढच्या टेबलाकडं वळले. वडील तिला हळूच म्हणाले, "आगं, बाईंना इचारायचं हुतंस की." ती मान खाली घालून उभी राहिली, आणि मीही गप्पच राहिले. सोमवारी मी तो धडा पुन्हा, नीट शिकवला, पण आधीची चूक माझी होती, हे वाक्य तोंडातून निघालं नाही. पहिल्या बाकावर ती मुकाट्यानं सगळं उतरवून घेत होती. आता माझे केस पिकले, पण तिच्या वडिलांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.