अडीच पावलांवरचे साडू

"थांबा तिथंच. पाय उचलू नका. अजून एक पाऊल टाकलं की तुमी माझ्या लाथेच्या टप्प्यात यायलाव!"

धुक्यातून ही आरोळी आली तेव्हा मी मोटारसायकल धड स्टँडवरही लावली नव्हती. झरी गावाच्या बाहेर, कालव्याच्या कडेला पडीक रान आहे. तिथं कराटेचा पांढरा ड्रेस घालून माझे थोरले साडू उभे होते. त्यांच्यात आणि माझ्यात एक बैलगाडी बैलांसकट आडवी उभी राहिली असती, आणि गाडीवानाला वर बिडी ओढायलाही जागा उरली असती. तरी मी थांबलो. साडूंची लाथ कुठवर येते ते फक्त साडूंना आणि देवाला ठाऊक, आणि त्या बाबतीत देवही त्यांना विचारून घेत असावा.

माझं तर सरळ म्हणणं आहे की, उभ्या परभणी जिल्ह्यात इतकं लांबून जगलेला दुसरा माणूस नाही. पन्नाशीला टेकले, पण या जन्मात त्यांना कुणाचा धक्का लागलेला नाही, आणि त्यांचा कुणाला लागलेला नाही. कराटे शिकवणाऱ्या माणसाबद्दल यातली दुसरी गोष्ट जास्त नवलाची आहे. त्यांची सगळी विद्या एका मापात बसते, ते म्हणजे अडीच पाऊल. "दोन पावलांवर मार हाय," ते नव्या पोरांना सांगतात, "तीन पावलांवर गप्पा हायत. अडीच पावलांवर कराटे हाय." पोरं हे वहीत लिहून घेतात. घरी जाऊन बापाला सांगतात, आणि बाप म्हणतो, मग फी कशाची घ्यायलाय हा माणूस, उभं राहायची?

पण साडूंची लाथ मी पाहिली आहे. सुटली की ती माणसापेक्षा लांब होते. करकोच्यासारखा एक पाय वर येतो, गुडघा तुमच्याकडं बघतो, आणि मग त्या पायातून दुसरा पाय निघावा तशी ती निघते. आमच्या घरी एकदा त्यांनी देवळीतला दिवा लाथेच्या वाऱ्यानं विझवला होता. ते स्वतः अंगणात होते. माझी बायको म्हणते दार उघडं होतं, वाऱ्यानं विझला. बायको काही शास्त्र शिकलेली नाही.

ही विद्या त्यांना मेंढरांनी दिली. आमची दोघांचीही घरं मेंढरांची. लहानपणी साडू वळायला जात, तेव्हा एका सकाळी त्यांनी लांडगा आणि त्यांचं कुत्रं समोरासमोर पाहिलं. कुत्रं एक पाऊल पुढं, लांडगा एक पाऊल मागं. लांडगा पुढं, कुत्रं मागं. ऊन डोक्यावर येईस्तोवर दोघं असेच नाचत राहिले. कुणी कुणाला शिवलं नाही, एक मेंढरू गेलं नाही, आणि शेवटी लांडगा कंटाळून निघून गेला. "त्या दिवशी मला कळालं," साडू सांगतात, "लढाई म्हंजे मधली जागा. जागा राखली की सगळं राखलं." पुढं परभणीला तीन महिने रीतसर शिकून त्यांनी प्रमाणपत्र आणलं, तेही टेबलापासून लांब उभं राहून, हात ताणून घेतलं म्हणतात.

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मुलीकडच्यांशी गळाभेटी चालल्या होत्या. मामा मामाला भेटला, काका काकाला भेटला. आमच्या बाजूनं साडूंचं नाव पुकारलं, हातात हार दिला. समोरून सेलूचे एक सोयरे, पोतं उभं करावं तसं अंग, हार घेऊन हात पसरून निघाले. साडूंनी अडीच पावलांवरून नमस्कार केला. सोयऱ्याला वाटलं लाजायलेत. तो दोन पावलं पुढं, साडू दोन पावलं मागं. तो डावीकडून, साडू उजवीकडून. मांडवाला पहिला फेरा झाला तेव्हा लोक हसले, दुसऱ्या फेऱ्याला बँडवाले मागं लागले, आणि तिसऱ्या फेऱ्याला सोयरा धापा टाकत खुर्चीवर बसला तेव्हा साडूंनी लांबूनच हार असा फेकला की तो बरोबर त्याच्या गळ्यात पडला. "भेट झाली," म्हणाले. देवगाव फाट्यावर एकदा भरलेल्या जीपांत बसायचं नाकारत ते सकाळपासून उभे राहिले. तेरा जीपा सोडल्या. चौदावी रिकामी होती, कारण ती बिघडलेली होती. तिच्यात बसून त्यांनी समाधानानं डबा खाल्ला.

त्यांच्या शिष्यांचं तर विचारू नका. एकदा स्पर्धेत त्यांची दोन पोरं एकमेकांसमोर आली. पंचांनी हात खाली केला आणि दोघंही मागं निघाले. एक इकडच्या रेघेबाहेर, एक तिकडच्या. पंच चहा पिऊन आले तरी लढत सुरूच होती.

या सगळ्या शिष्यांत एकच पोरगी वाट चुकलेली निघाली, आणि ती साडूंची स्वतःची. आशी. आईवर गेलेली, ठेंगणी, हात आखूड, मान खांद्यात बसलेली. ती समोरच्याच्या अंगात शिरते. शिरली की बरगडीखाली दोन ठोसे देते आणि मग समोरचा कुठं आहे हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागतं. तिनं कुणाला न सांगता संभाजीनगरला जाऊन बॉक्सिंगची चाचणी दिली. निवड झाली. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. सोमवारी हजर व्हा, असं पत्र आलं.

साडूंनी पत्र हात लांब करून वाचलं. चष्मा नसतो म्हणून नव्हे. मग म्हणाले, "ज्या दिवशी मला हात लावशील त्या दिवशी जा."

झालं. तेव्हापासून पोरगी रोज सकाळी त्या पडीकात बापाच्या मागं धावते आणि बाप मागं सरकतो. आज रविवार होता. आज हात लागला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. म्हणून अक्कानं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, पहाटे मला फोन केला. "दाजी, तुमी या. पाठवायचं नसल तर सरळ न्हाई म्हणावं या माणसानं. असं पाठमोरं पळत बसायलेत."

"पाठमोरं न्हाई," फोनमध्ये तिच्या मागून साडूंचा आवाज आला. "तोंड समोरच राहातंय."

तर मी त्या रानात उभा होतो. धुकं गुडघ्याएवढं होतं. त्यामुळं दोघांचे पाय दिसत नव्हते, आणि पाय दिसले नाहीत की साडू चालत नाहीत, वाहतात. आशी धावून जाई, बुक्की सोडी, आणि बुक्की पोचेपर्यंत तिथं नुसता पांढरा ड्रेस असल्याचा भास उरे. मधेच धुक्यातून तो लांब पाय येई, तिच्या पोटाला शिवल्या न शिवल्यासारखा थांबे आणि परत जाई. कालव्याच्या पाण्यावरून बगळे उठले. मला वाटलं हे दोघं असेच माझ्या लहानपणापासून चाललेत आणि माझ्या म्हातारपणीही चालत असतील.

"सर, थकले का?" आशीनं विचारलं. रानात ती बापाला सर म्हणते.

"तू बोलू नको. बोललं की श्वास दिसतो."

मग तिनं हात खाली सोडले. मला वाटलं रडणार. ती रडली नाही. नुसती चालायला लागली, सावकाश, आणि सरळ बापावर नाही, त्यांच्या डाव्या खांद्याच्या जरा बाहेर. साडू सवयीनं मागं आणि उजवीकडं सरकले. ती थांबली. दोन पावलं पलीकडून गेली, उजव्या खांद्याच्या बाहेर. साडू मागं आणि डावीकडं. तोंडानं तिनं बारीक आवाज सुरू केला, जिभेचा, टाळ्याला लावून.

तो आवाज मी ओळखला. मेंढरू मागून ढकललं तर कुठंही उधळतं. त्याच्या खांद्याजवळ उभं राहावं लागतं, नुसतं. मग आपल्याला जिकडं पाहिजे तिकडं ते आपल्या मर्जीनं गेल्यासारखं जातं. हे आमच्या घरातल्या पोरांना बोलायच्या आधी येतं. पोरगी बापाला वळायला लागली होती.

साडू जात होते. पडीक संपलं, कापसाच्या पऱ्हाट्या आल्या, पांदण आली. प्रत्येक वेळी बरोबर अडीच पाऊल. त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की कुणालाही वाटावं, तेच तिला कुठंतरी घेऊन चाललेत. पांदणीपलीकडच्या शेतात त्यांच्या थोरल्या भावाची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. भोवती वाघूर, म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, खुंट्यांवर ताणलेली. साडूंची टाच जाळीला लागली तेव्हा आतली मेंढरं उठली.

साडूंनी मागं पाहिलं नाही. डावीकडं पाहिलं. तिथली एक खुंटी उपटलेली होती आणि जाळी खाली पडली होती. एक माणूस आरामात निघून गेला असता, आणि साडूंना तर त्याच्या निम्मी जागा पुरते. त्यांनी ती जागा पाहिली, हे मी पाहिलं.

आशी आली. बुक्की मारली नाही. पसरलेला तळहात तिनं बापाच्या छातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. एक कोकरू जाळीतून साडूंची पँट चावत होतं, तेही त्यांनी चावू दिलं. ते त्या हाताकडं बघत होते. पोरगी दहा वर्षांची झाली आणि कराटेच्या रांगेत उभी राहिली, तेव्हापासून इतक्या जवळून त्यांनी तो पाहिला नसावा.

"दुसरा हात खाली सोडू नको," शेवटी ते म्हणाले. "तिथं नाकावर खाशील."

"हो सर," ती म्हणाली. आणि मग, "हो पप्पा."

दुपारी परभणीच्या स्टँडवर आम्ही तिला संभाजीनगरच्या गाडीत बसवलं. अक्कानं खिडकीतून धपाट्यांचा डबा दिला, पाणी दिलं, पुन्हा तोच डबा नीट ठेवला का म्हणून बघितला. साडू गाडीपासून त्यांच्या अंतरावर उभे होते. गाडी हलली. अडीच पावलांची तीन झाली, तिनाची दहा. तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला पुढं चालताना पाहिलं. फार नाही, स्टँडच्या फाटकापर्यंत. तिथं पोचेपर्यंत गाडी वळली होती आणि धूळ तेवढी सावकाश खाली बसत होती.

अक्काला घरी जाणाऱ्या जीपमध्ये बसवून आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर झरीकडं निघालो. ऊन कलतं होतं, दोन्ही बाजूंची तूर पिवळी झालेली. शेवटी मला राहवलं नाही.

"साडू," मी म्हणालो, "डावीकडं जागा होती."

"होती," साडू म्हणाले.