गासडीची तार

आमच्या घरात वीज यायच्या आधी गवत दाबायचं मशीन आलं. आता हे कुणाला सांगितलं तर हसतात. पण आलं खरं. शिरवळच्या रस्त्याला एक भंगारवाला होता, त्याच्याकडून मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ते उचललं आणि एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून मलकापूरपर्यंत आणलं. तिथून पुढं आमचं गाव डोंगराच्या पोटाला, गाडीवाटेचं. आमच्याच दोन बैलांनी ते ओढत आणलं. चार लोखंडी चाकं, वर लांबलचक पेटी, पेटीत एक दट्ट्या आणि एका बाजूला हे एवढं मोठं दातेरी चाक. गंजून तांबडं झालेलं. सगळं गाव बघायला आलं.

माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्याला हळदकुंकू लावलं आणि लेकाला विचारलं, "हे काय दळतंय रं?"

"दळत न्हाई आय. गवत दाबतंय."

"गवत दाबाय मिशिन? मग तुजं पाय काय झालं?"

मालक पलटणीत खेचरांकडं होते. वर थंडीच्या मुलखात खेचरांना असल्याच दाबलेल्या गवताच्या गासड्या यायच्या, ते त्यांनी बघितलेलं. पेन्शनीवर घरी आले ते नेमके दुष्काळाच्या तोंडाला. त्या साली आमच्या डोळ्यांदेखत दोन वासरं आणि एक गाय गेली. वैरण नव्हती. आणि त्याच्या आदल्या सालीच डोंगरावर एवढं गवत झालं होतं की निम्मं उभं वाळून वणव्यात जळालं. ते त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणायचे, "गवत असतंय तवा ठेवायचं कळत न्हाई आपल्याला, आन नसतंय तवा देवाला शिव्या देतो." मोकळ्या गवताची गंजी रचली की पावसानं कुजते, उंदरं घर करतात. गासडी असली की माळ्यावर रचावी आणि दोन वर्षं बघू नये.

म्हणून ते मशीन. शौक नव्हता तो. परत जनावर उपाशी मरू द्यायचं नाही, एवढंच.

मशीन चालायचं बैलावर. दातेरी चाकाला लांब लाकूड जोडलेलं, त्याला बैल जुंपायचा आणि घाण्यासारखा गोल फिरवायचा. दट्ट्या पुढं-मागं व्हायचा, वरून एकानं गवत टाकत राहायचं. पेटी भरली की मध्ये खाचेची फळी सरकवायची, खाचेतून तार ओवायची, दोन्ही टोकं एकत्र धरून पक्कडीनं पिळायची. गासडी तयार. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवाळीत आम्ही आठ दिवसांत सहा गासड्या काढल्या. बाकीचा वेळ मशीन बसलेलं आणि आम्ही त्याच्याभोवती बसलेलो. कधी दट्ट्या अडकायचा, कधी दाता तुटायचा. कराडचे एक मिस्त्रीचाचा होते, ते सायकलीवर हत्यारांची पिशवी अडकवून यायचे. तडकलेल्या चाकाला त्यांनी दोन्ही अंगांनी पट्ट्या मारल्या आणि मला म्हणाले, "भाबी, ह्याला आता माणसागत जपा. सकाळी उठलं की तेल, दुपारला तेल, आन शिव्या अजिबात द्यायच्या न्हाईत."

"शिव्या ह्यांनाच देते," मी म्हटलं.

"त्या चालतील. त्यांना पट्ट्या न्हाईत मारल्या अजून."

मालक मिशीला पीळ देत हसले. त्यांची मिशी म्हणजे काय सांगू, झुपकेदार, टोकाला वर वळलेली. पलटणीतून आणलेली तेवढीच एक चीज, असं ते म्हणायचे. पोरं लांबून बघायची.

बैलांतला धाकला मशीनला बुजायचा. खडखड सुरू झाली की शेपूट वर करून पळायचा. थोरला मात्र पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा फिरला. हाकायला माणूस लागायचं नाही. मी "हं" म्हटलं की चालायचा, "हां" म्हटलं की थांबायचा. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो घरात आला, तेव्हा त्याला दोन दात होते. मालक नोकरीवर, घरात मी आणि आत्याबाई. मनातलं बोलायला मला तोच होता. मालकांची पत्रं वाचता यावीत म्हणून मी एकटीच अक्षरं शिकले, तीही गोठ्यातच, त्याच्या पुढ्यात बसून. राखेत बोटानं लिहायची.

आता माझं सांगायचं तर मी डावरी. जन्मापासून. आत्याबाईंना ते कधी खपलं नाही. जेवण वाढताना चुकून डावा हात पुढं आला की त्या ताट सरकवायच्या. "डाव्या हाताची सून, घराला वाळवी," असं आल्यागेल्यासमोर म्हणायच्या. मी उजव्या हातानं वाढायला शिकले, कुंकू लावायला शिकले, पण जोराचं काम आलं की डावाच पुढं यायचा.

मशीनवर तार पिळायचं काम माझ्याकडं आलं ते त्यामुळंच. मालकांची गाठ सुटायची. मिस्त्रीचाचांची एक सुटली. मी पिळलेली एकही सुटली नाही. माझा पीळ उलटा पडायचा, सगळ्यांच्या उलट बाजूला वळलेला. मालक गासडीवर थाप मारून म्हणायचे, "बघ आय, डावा हात म्हंतीस. ह्यो हात हाय म्हणून गासडी हाय." आत्याबाई तोंड फिरवायच्या. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटायचं. त्या घरात माझ्या डाव्या हाताला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

नवी तार सहज मिळायची नाही. म्हणून गासडी सोडली की जुनी तार मी जपून ठेवायची. पिळलेला तुकडा मागं-पुढं वाकवून मोडायचा, उरलेली तार दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करायची आणि खुंटीला अडकवायची. पुढच्या दिवाळीला परत तीच. मालकांनी बजावून सांगितलं होतं, "तार मोडायची ती अंगणात. गोठ्यात न्हाई. आन तुकडं डब्यात."

मी दोन वर्षं ऐकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात अंगण असं तापायचं की पाय ठरत नव्हता. गोठ्यात सावली होती. थोरल्याच्या गव्हाणीजवळ बसून मी तार मोडायला लागले. तुकडे डब्यातच टाकायची. मोजायची नाही, पण टाकायची. कधी हाका यायच्या, कधी भाकरी करपल्याचा वास यायचा, मी उठून पळायची. एखादा तुकडा मांडीवरून कुठं घरंगळला असेल, मला कळलं नाही.

अक्षय्य तृतीया झाली आणि थोरल्यानं रवंथ सोडलं.

पहिल्यांदा वाटलं उन्हानं असेल. मग तो उताराला पाय टाकेना. ओढ्यावर पाण्याला न्यायचा तर वरच थबकायचा, पाठ कमानीसारखी करायचा. खाली बसताना कण्हायचा, माणसासारखा. आत्याबाईंनी दृष्ट काढली, तेल पाजलं. कुणी म्हणालं तापल्या सळीचा डाग द्या. मालकांनी दिला नाही. आठ दिवसांत गळ्याखालची लोंबती पोळी पाण्यानं भरल्यासारखी सुजली, मानेची शीर दोरखंडासारखी फुगली. मी त्याच्या तोंडाशी हिरवा पाला धरायची, तो माझ्या हाताचा वास घ्यायचा आणि मान वळवायचा.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण होते, मोटारसायकलवर आलेले. त्यांनी थोरल्याच्या पाठीचं कातडं वशिंडाच्या मागं चिमटीत धरून दाबलं. तो असा कण्हला की मी पदर तोंडात घातला.

"ह्याच्या पोटात लोखंड गेलंय," डॉक्टर म्हणाले. "खिळा नाहीतर तार. पोटातनं काळजाकडं सरकलंय."

"काढता येत न्हाई?" मालकांनी विचारलं.

"आधी कळतं तर बघितलं असतं. आता न्हाई."

तो अकराव्या दिवशी गेला. सकाळची वेळ, धारा नुकत्या काढून झाल्या होत्या. मी पाटीत शेण भरत होते, माझ्या मागंच तो आडवा झाला.

मालक डॉक्टरांना परत घेऊन आले. म्हणाले, "मला बघायचं हाय काय हुतं ते." बांधाला खड्डा खणला होता. तिथंच डॉक्टरांनी पोट उघडलं. बायकांनी लांब थांबायचं, पण मी गेले. आत्याबाईही काठी टेकत आल्या. डॉक्टरांनी हात धुतले आणि मालकांच्या तळहातावर एक तुकडा ठेवला.

बोटाच्या दोन पेरांएवढी तार. काळी पडलेली. पण पीळ दिसत होता. उलटा.

मालकांनी तो तुकडा बोटात फिरवून बघितला. मग त्यांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या हाताकडं. मी हात पदराखाली घेतला.

"कुणी मोडली ही तार?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना पिळातलं काही कळणार नव्हतं. पण गोठ्यात तार घेऊन कोण बसायचं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मान माझ्याकडं वळलीच होती.

"मी," मालक म्हणाले.

"तू कवा बसलास तारंला?"

"बसलो हुतो एकदा. ही गावात गेली हुती. माझ्या हातनं झालंय आय."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मला आत्याबाईंचं पुढचं वाक्यसुद्धा ऐकू येत होतं, डाव्या हातानं बैल खाल्ला. जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी गप्प राहिले.

आत्याबाईंनी लेकाला सोडलं नाही. मुक्या जिवाचं पातक, तेही पोटच्या पोरासारख्या बैलाचं. "कराडला संगमावर जायाचं. डोकं, मिशी उतरवायची, बुडी मारायची. त्याबिगार या घरात पाणी पिणार न्हाई मी." आणि खरंच त्यांनी दिवसभर तोंडात थेंब घेतला नाही. मालकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे टोपी घालून ते निघाले. मी उंबऱ्यात उभी होते. म्हटलं, "आवं..."

"भाकरी करून ठेव," ते म्हणाले. "भूक लागंल येईस्तवर."

तेवढ्यात तरी सांगायचं होतं मी. थांबा म्हणायचं होतं. मी भाकऱ्या केल्या.

दुपारी ते आले तेव्हा आमचंच कुत्रं त्यांच्यावर धावून गेलं. लय भुंकलं. ते थांबले, त्याला हात दाखवला, वास घेऊ दिला, तेव्हा गप्प झालं. मिशीच्या जागी गोरी पट्टी होती, बाकीचं तोंड उन्हानं रापलेलं. दुसऱ्याच कुणाचा तरी वरचा ओठ लावावा तसं दिसत होतं. आत्याबाईंनी पाणी मागितलं. त्यांना वाटलं झालं, फिटलं.

मी ताट वाढलं. उजव्या हातानं. आमटी ताटाबाहेर सांडली. त्यांनी ती बोटानं पुसून घेतली आणि जेवले.

गावात पुढं मशीनचं नाव पडलं, बैलखाऊ. मालकांनाही लोक पाठीमागं तेच म्हणायचे, ते माझ्या कानावर यायचं. शिवारातनं जाताना पोरं ओरडायची. ते ऐकू न आल्यासारखं चालायचे. त्या दिवाळीला डोंगर गवतानं पिवळा झाला होता. मशीनला तेल दिलं नाही. धाकला त्याच्या जवळ जात नव्हता आणि एका बैलावर शेतीच होईना, तर गासड्या कुठल्या. गवत उभं वाळलं. होळीच्या सुमाराला कुणाची तरी विडी पडली आणि सगळा डोंगर जळाला. आम्ही अंगणात उभं राहून बघितला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सगळं डोळ्यांसमोर धूर होऊन चाललं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहूनसुद्धा गप्पच.

मिशी त्यांनी परत ठेवली नाही. बायका विचारायच्या, मालक मिशी परत का ठेवत नाहीत? मी म्हणायची, देवाला वाहिली. पुढं आत्याबाई गेल्या, तेव्हा मला वाटलं आता सांगता येईल. आता ऐकवणारं कुणी नाही. पण मग कळलं, आत्याबाईंचं भय कधीच संपलं होतं. मालक तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं, हे आता त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं भय होतं. ते मला जमलं नाही. मग मालकही गेले.

त्यांची लोखंडी पेटी मी एकटीनं उघडली. पेन्शनीचे कागद, माझी जुनी पत्रं, वेडीवाकडी अक्षरं, आणि एका चिंधीत गुंडाळलेला तो तुकडा. चिंधी मी परत तशीच गुंडाळली. डाव्या हातानं. बघायला कुणी नव्हतं.