मडक्यांचं कोडं

कोड्यात टाकणं हा धाकटीचा पोटापाण्याचा धंदा होता. कारखाने आपल्या अडचणी तिच्या ऑनलाइन कंपनीकडे आणत, ती त्या वेबसाइटवर मांडी आणि जगातला कुणीही विद्वान नाहीतर रिकामटेकडा उत्तर पाठवू शके. अडचण कुणाची, हे मात्र कळता कामा नये. साबण असला की ती पीठ लिही, पंप असला की नळ. ऑफिसातलं अवाक्षर घरी काढत नसल्यानं घरचे तिला मुकीबाई म्हणत.

एकदा दादा कामाला होता त्याच कारखान्याची अडचण तिच्या टेबलावर आली. परत आलेल्या काचेच्या बाटल्या पुन्हा भरण्याआधी दादा त्या दांडीनं हलकेच वाजवून बघे. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर तडा. कारखान्याला आता हे काम यंत्राकडून हवं होतं. धाकटीनं बाटल्यांची मडकी केली आणि असल्या कोड्यांना उत्तरं कुठे येतात, अशी मनाची समजूत घातली.

काही दिवसांनी दादा चहाला आला तो खुशीतच. मडक्यांचं कोडं त्यानं सोडवलं होतं. एक माइक, एक मोबाइल आणि त्यानं स्वतः भरलेले चांगल्या-वाईट आवाजांचे नमुने. उत्तर पाठवूनही झालं होतं. हा शहाणा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता, आणि धोंडा तिनंच हाताशी ठेवला होता. उत्तर मागे घे म्हणून धाकटी विनवू लागली, पण कारण सांगता येईना. शेवटी नोकरी गेली तर गेली, म्हणून तिनं तोंड उघडलं.

“दादा, ती मडकी नाहीत.”

“माहीत आहे. धुऊन पट्ट्यावरून रांगेत पळणारी मडकी मी तरी बघितली नाहीत.”

“मग पाठवलंस कशाला?”

तो म्हणाला, की डावा कान साफ गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. बद्द आवाज न कळून एक तडकलेली बाटली त्याच्या हातून पुढे गेली आणि बाटल्या भरणाऱ्या पोरीचा तळवा फाटला.

“उद्या साहेबांना सांगतो. पण मी उठलो तर तिथं बसवायला त्यांच्याकडे दुसरा कान नाही गं. म्हणून आधी तो करून दिला.”

धाकटीला भडभडून आलं. रडू दिसू नये म्हणून ती ओट्याकडे वळली.

“आणि तुझं काय, दादा?” तिनं हळूच विचारलं.

उत्तर आलं नाही. रागावला की काय म्हणून तिनं वळून पाहिलं. तो निवांत चहा पीत बसला होता. तिनं काही विचारल्याचं त्याला कळलंच नव्हतं.