बोट कायम जमिनीकडं

धाराशिवच्या त्या बंदूक-प्रशिक्षकानं मला फसवलं. एकही गोळी झाडायला न लावता त्यानं मला पिस्तुलाच्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला दिला.

माणूस मात्र लाघवी होता. लिंबाखाली खाटेवर बसून तो चिमण्यांना ज्वारी टाकत होता; ती सकाळ अजून डोळ्यांपुढं येते. मी मुरुमचा धान्य-व्यापारी, घासाघीस रक्तातच. म्हणालो, "मामा, शिकायला चार दिवस कुठून काढू? एका दिवसात उरका."

तो हसला. "एक दिस तरी कशाला, शेठ? तुमाला बंदूक मिरवायची हाय, चालवायची न्हाय. च्या घ्या." त्यानं शिक्का मारला. बोलताना बोटाचं पिस्तूल करायची त्याला सवय होती, पण ते बोट कधी माणसाकडं वळलं नाही. कायम जमिनीकडं.

खंडेनवमीला मी गोळ्यांचं मॅगझिन काढून पिस्तूल पूजेच्या पाटावर ठेवलं. तरी नळीत एक गोळी राहू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. थोरला भाऊ गंध लावायला वाकला. मी पिस्तूल सरळ करायला गेलो, चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्या गुडघ्यातून गेली. आता त्याला मांडी घालून जेवता येत नाही.

गुन्हा माझ्यावर नोंदला. लोक म्हणतात, दाखला तूच मागितलास. अहो, मागणं हा माझा धंदा. नाही म्हणणं त्याचं काम होतं. बोट कुठं धरायचं हे त्याला येत होतं, त्यानं मला शिकवलं नाही. त्याच्यावरही खटला भरा. माझ्या भावासमोर उभं राहून त्यानं जाब द्यावा.