फोन लावला

आमच्या ह्यांना शेजारीपाजारी ‘टक्केसाहेब’ म्हणतात, तेही मागून. मी तोंडावर म्हणते. ‘कसे आहात?’ असं कुणी सहज विचारलं तरी हा माणूस खिशातून फोन काढतो, कोपऱ्यातला आकडा बघतो आणि मग सांगतो, ‘बरं आहे, एक्क्याऐंशी आहे.’

एकतीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये होते. वीज गेली तरी लोकांचे फोन चालू राहावेत म्हणून तिथे बादलीएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगाच्या रांगा असायच्या. त्यांत डिस्टिल्ड पाणी घालायचं, काचेची नळी बुडवून ॲसिड उतरलंय का बघायचं, दारामागच्या तक्त्यावर आकडा लिहायचा. वीज जायची वर्षातून चार वेळा. उरलेले दिवस ह्यांनी बॅटरी राखली. ॲसिडच्या थेंबांनी एकूण एक शर्टाला भोकं पडली आणि ती रफू करता करता माझ्या डोळ्यांचं वाटोळं झालं. पण ह्यांच्या बॅटरीनं कधी मान टाकली नाही, हे मी कबूल करते. निरोपाच्या भाषणात साहेबानंही तेवढंच सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ही सगळी राखण माझ्या बोकांडी बसली. घरात एक वेळ चालायची, पण लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालो तेव्हा ह्यांच्या अंगात आलं. माझा फोन कपाटातच ठेवायला लावला. दोन फोन म्हणजे दोन बॅटऱ्या आणि दुप्पट कटकट! त्यांच्या फोनचा उजेड इतका कमी केला की मजकूर वाचायला मला डोळ्यांभोवती ओंजळ धरावी लागे. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून विमानात फोन स्वतःच्या लोकरी मोज्यात घालून ठेवला. पायातल्या नव्हे, धुतलेल्या मोज्यात, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. आणि फोन कायम बंद. दर दोन तासांनी पाच मिनिटं उघडायचा, निरोप बघायचे, पुन्हा बंद.

‘अहो, फोन चालू ठेवण्यासाठी असतो ना?’ मी म्हटलं.

‘बॅटरी वापरायची नसते,’ हे म्हणाले. ‘राखायची असते. वेळेला उपयोगी पडते.’

वेळ कुठली, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

माझ्या आईच्या घशात गाठ होती. डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, असं स्पष्ट सांगितलं होतं. तारीख आम्ही परत आल्यानंतरची होती, म्हणून तर मी निघाले. जाताना आईनं दारातून हाक मारून सांगितलं होतं, ‘आल्यावर दोन दिवस नुसतं बोलत बसू. मग करू दे त्यांना काय करायचं ते.’

मधल्या विमानतळावर सात तास थांबायचं होतं. पुढच्या विमानाचे पास तिथल्या काउंटरवर घ्यायचे होते आणि रांग ही एवढी मोठी. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते. काउंटरवरच्या बाईशी बोलायचं कामही माझंच, कारण हे परक्या माणसापुढे दातखीळ बसल्यासारखे उभे राहतात. इतक्यात ह्यांची पाच मिनिटं आली. मोज्यातून फोन निघाला. इतकं राखूनही बॅटरी नऊ टक्के. ह्यांचं तोंड उतरलं. मी फोन हातात घेतला तर धाकट्या भावाचा निरोप. ‘ताई, आईची गाठ एकदम वाढलीय, ऑपरेशन आजच करतायत. तासाभरात आत नेतील. तिला तुझ्याशी बोलायचंय. लगेच फोन कर.’

तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मागचा माणूस मला ढकलू लागला. फोन ह्यांच्या हातात कोंबत मी ओरडले, ‘आईला आजच नेतायत! आधी फोन लावा! मी आलेच!’

हे धावत सुटले. मला इतकं बरं वाटलं. लग्नानंतर ह्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. लांबच्या एका खांबाशी ते खाली बसलेले दिसले, पाठ माझ्याकडे, मान वाकलेली. मी रांगेच्या दोऱ्यांच्या आत अडकलेली, पुढे पंधरा माणसं, मागे पन्नास.

‘लागला का?’ मी रांगेतून ओरडले.

त्यांनी वळून हात वर केला. ‘लागला, लागला!’

‘मला द्या ना मग!’

‘होऊ दे की जरा! मग देतो!’

मी मनात म्हटलं, आई जावयाशी बोलतेय. आईचा ह्यांच्यावर जीव होता, का कोण जाणे. बोलू दे दोन शब्द. माझं मन शांत झालं, हे मी अजून विसरलेली नाही. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले, कुणाला तरी विचारायला गेली, चहा पिऊन आल्यासारखी सावकाश परत आली. पास हातात पडल्यावर मी खांबाकडे पळाले.

खांबाला प्लग होता. प्लगला ह्यांचा तीन पिनांचा ठोकळा, ठोकळ्याला वायर, वायरीला फोन. फोन बंद. शेजारी हे मांडी घालून बसलेले.

‘आई कुठाय?’ मी विचारलं.

‘कुठे म्हणजे? आता लाव ना तिला,’ हे म्हणाले. ‘सत्तेचाळीस झाली असेल. बंद ठेवून लावला की पटकन भरतो. नऊवर मध्येच तुटलं असतं, तुझं मन भरलं नसतं.’

मी म्हटलं होतं, आधी फोन लावा. ह्यांनी आधी फोन लावला होता, चार्जिंगला.

फोन उघडला. भावाचे सहा निरोप. ‘ताई, फोन बंद लागतोय.’ ‘ताई, आई विचारतेय.’ शेवटचा, ‘आत नेलं.’ त्याखाली काही नाही.

लोकांचे फोन तुटू नयेत म्हणून ज्यानं एकतीस वर्षं ॲसिड अंगावर घेतलं, त्यानं माझाच तोडला. तोही काळजीपोटी! त्या काळजीचा मला इतका संताप आला की मी विमानात दहा तास ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मोजा दोनदा पुढे केला, तुझे पाय गार पडलेत म्हणून. मी तो पुढच्या सीटखाली फेकून दिला.

आई वाचली. दीड महिन्यानं आम्ही परत आलो ते सामानासकट तिच्याकडेच गेलो. गळ्याला पट्टी, हातात पाटी. हसली, पण आवाज नाही. मी तिच्या कुशीत शिरून रडले आणि मग विचारलं, ‘त्या दिवशी काय सांगायचं होतं गं?’

तिनं पाटीवर लिहिलं, ‘विशेष काही नाही. तुला एकदा हाक मारायची होती.’

मला लाडाच्या नावानं हाक मारणारं ह्या जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. तिनं खाली ते नाव लिहिलं. मग मला वाचता यावं म्हणून पाटी माझ्याकडे वळवली.

हे माझ्या मागे उभे होते. त्यांनीही वाचलं. मग पुटपुटले, ‘नऊच टक्के होती गं तेव्हा.’

‘अहो,’ मी म्हटलं, ‘एका हाकेला किती टक्के लागतात?’

त्यांनी सवयीनं खिशातून फोन काढला, कोपऱ्यात बघितलं आणि आकडा न सांगता परत ठेवला.