पिवळ्या बुटांचा बेडूक

चहा घ्या, अन् हसायचं असन तर आधीच हसून घ्या. मधात कोणी खीं-खीं केलं तर मी उठून चाललो जाईन. पस्तीस वर्षं मी स्टीलच्या प्लांटात इलेक्ट्रिकमध्ये होतो. शिक्षण चौथी, पण हत्तीएवढ्या मोटरा माह्या हातानं चालू-बंद झाल्या. अन् माही इज्जत कोणी काढली? टीव्हीखालच्या एका डब्ब्यानं.

माहा पोरगा विनय अमेरिकेत. त्याची गुड्डी नऊ वर्षांची. पाच वर्षांनी पंधरा दिवसांसाठी आली, तं संगं टीव्हीले लावायचा खेळाचा डब्बा घेऊन. तिले मराठी येत नाही, मले इंग्रजी येत नाही, दोघांची हिंदी लंगडी. पहिले दोन दिवस आमच्या कुरुदच्या घरात पोरगी कोपऱ्यात बसून राहिली. मी म्हटलं, हा डब्बा चालू झाला तरच ही माह्याजवळ बसन.

डब्बा तिकडचा, एकशेदहा व्होल्टचा. आपल्या प्लगात खोचला असता तं धूर निघाला असता. तेवढं मले समजते. हथखोजच्या एका वर्कशॉपातून ट्रान्सफॉर्मर बांधून आणला. लावला, तं चित्र काळं-पांढरं, अन् तेही लिफ्टसारखं वर-वर जाऊन राहिलं. कावून? तं म्हणे तिकडच्या डब्ब्याची चाल इकडच्या टीव्हीले समजत नाही. मग जवळच्या पद्मनाभपुरात एका घरी मस्कतहून आणलेला टीव्ही होता, सगळ्या देशांचं चित्र दाखवणारा. आपला चांगला टीव्ही बदल्यात देऊन तो उचलून आणला. बायको, सुमन, पाहतच राहिली.

लावला अन् रंग आले. पिवळे बूट घातलेला एक बेडूक उड्या मारायले लागला. गुड्डी सरकत-सरकत आली अन् माह्या मांडीले टेकून बसली. खेळातलं मले ओ की ठो समजत नव्हतं. पण बारा दिवस मी तिथून हललो नाही. पायाले मुंग्या आल्या तरी नाही.

जायच्या दिवशी बेडूक एका मोठ्या पुलावर पोचला अन् दारात गाडी उभी. गुड्डीनं बेडूक थांबवला अन् रडायले लागली. खेळ जमा करायची चिप अमेरिकेतच राहिली होती. डब्बा बंद झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी तिले प्लांटातला कायदा सांगितला. ज्याचं काम चालू, तो बटनावर आपल्या नावाची पाटी बांधते. मग मोठा साहेब आला तरी बटनाले हात नाही लावत. ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची.

पोरगी लगेच उठली. पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीनं इंग्रजीत काहीतरी लिहिलं अन् बोर्डाले बांधलं. त्यातलं 'ऑफ' तेवढं मले वाचता आलं.

"आबा, बंद मत करना. मैं आके खतम करूँगी."

"कब?"

तिनं बापाकडं पाह्यलं. विनय म्हणे, "उन्हाळ्यात येतो, बाबा."

झालं! मी पहाऱ्यावर बसलो. टीव्हीचा रिमोट कपाटात, कपाटाले कुलूप. लाइट जाते म्हणून बॅटरी आणली. पुरेना. दुसरी आणली. सुमनची रोजची सिरीयल होती, तिच्यातली सासू म्हणजे हिचा जीव की प्राण. ती बंद. टीव्हीत दिवस-रात्र तोच बेडूक, एक पाय उचलून उभा. सुमन थोडी भांडली, मग सकाळी केर काढताना त्याचं तोंड पुसायले लागली. अन् मी? आता खोटं कावून बोलू, जेवायचं ताटच त्याच्यासमोर घेऊन बसायचो.

चार महिने गेले. उन्हाळा लागला अन् विनयचा फोन आला. सुट्टी नाही भेटली, आता दिवाळीत पाहू, म्हणे. गुड्डीले फोन दे म्हटलं. सुमनले ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"गुड्डी, तेरा मेंढक खडा है. एक मिनट बंद नहीं किया."

"कौन सा मेंढक, आबा?"

"पुल वाला."

ती म्हणे, "अच्छा, वो. वो तो मैंने सहेली के घर कब का खतम कर दिया." अन् हसून म्हणे, "पर आबा, टीवी क्यों चालू रखा? गेम तो डब्बे में रहता है. टीवी तो बंद कर सकते थे."

मी सुमनकडं पाह्यलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

तिनं चावी मागितली, रिमोट काढला, सिरीयल लावली. घर तेच, सून तीच. अन् भिंतीवर सासूचा फोटो, हार घातलेला.

"कधी गेली?" सुमननं टीव्हीलेच विचारलं. मग माह्याकडं वळली. "चार महिने तुमी मले बेडूक दाखवला. तिकडं बाई मरून गेली, मले पत्ता नाही. पस्तीस वर्षं प्लांटात तुमी करत काय होते?"

मी उठलो अन् डब्ब्याचं बटन बंद करायले गेलो. खेळ तं संपला होता पोरीचा. मग ठेवायचा कोणासाठी?

"राहू द्या," सुमन म्हणे.

"अवो, तिनं खतम केला तो."

"तिथं केला. इथं कुठं केला?" टीव्हीवरून नजर न काढता बोलली. "दिवाळी बाकी आहे अजून."

तं डब्बा चालू आहे. टीव्ही तिचा, डब्बा माहा. परवा शेजारचे चहाले आले, म्हणे घरात हे घूं-घूं काय वाजून राहिलं?

"ट्रान्सफॉर्मर होय तो," सुमन म्हणे. "यांचं डोकं चालत असतं तं त्याचाही आवाज तुमाले आधीच आला असता."